आरोग्यातला न्याय शिकवायचा कोणाला? : डॉ. कोटणीस ते जामखेड

🧵 थ्रेड

१/
सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक आहे. चीनमध्ये सेवा करताना वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मृत्यू पावलेला हा डॉक्टर आपल्याला शहीद म्हणून ठाऊक आहे. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. अखेरच्या काळात कोटणीस शस्त्रक्रियांइतकेच अध्यापनात गुंतले होते.

२/
ते शिकवत होते ते कोणाला, कोठे आणि कोणत्या भाषेत, हे पाहू लागलो की आजच्या एका वादाचे मूळ हाती लागते. आरोग्यातील समता आणि सामाजिक न्याय हे विषय वैद्यकीय व समाजकार्याच्या अभ्यासक्रमात असावेत, असे आज सर्वत्र म्हटले जाते. ते शिकवायचे कसे, या प्रश्नाला मात्र बराच मोठा इतिहास आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची पाने आपल्याच परिसरात लिहिली गेली.

३/
आरंभ सोलापुरापासून. १८७७ साली येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. गिरण्या वाढल्या, हातमाग वाढले, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्वभाग गजबजला. १९३० च्या मे महिन्यात याच कामगारनगरीने लष्करी कायदा अनुभवला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले.

४/
१० ऑक्टोबर १९१० रोजी याच शहरात एका मध्यमवर्गीय घरात द्वारकानाथ यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास, म्हणजे जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात गेले. या महाविद्यालयाची जन्मकथा आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे.

५/
मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून होते. परंतु तेथील वरची अध्यापकपदे दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या, म्हणजे मुख्यतः गोऱ्यांच्या, हाती राहिली. भारतीय डॉक्टर कितीही विद्वान असला तरी तेथे सहसा दुय्यमच. म्हणून सुंदरदास यांच्या संपत्तीतून देणगी मिळाली ती एका अटीसह : नव्या महाविद्यालयाचे अध्यापक भारतीयच असतील.

६/
१९२५-२६ मध्ये जी. एस. महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता, गांधीजींचे निकटवर्ती आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री, तेथे अधिष्ठाता होते. ‘शिकवणार कोण’ हा सत्तेचा प्रश्न आहे, ही जाणीव या संस्थेच्या पायातच होती. ‘शिकणार कोण’ हा प्रश्न मात्र तिथेही उरलाच होता. इंग्रजी आणि पैसा या दोन्ही पायऱ्या चढून आलेल्यांनाच त्या वर्गात बसता येत होते.

७/
१९३८. जपानने चीनवर आक्रमण केलेले. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १९३८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहून जहाजाने निघाले आणि १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले.

८/
१९४० मध्ये कोटणीस उत्तर चीनमधील जिन-चा-जी या सीमाप्रदेशात दाखल झाले. जपानी वेढ्यातील हा डोंगराळ, दरिद्री मुलूख. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून हे येथेच काम करत होते. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन, त्यांचा मृत्यू झाला होता. दोघांची भेट कधीच झाली नाही; तरी बेथ्यून यांचे अपुरे काम कोटणीसांच्या वाट्याला आले.

९/
ते काम कोणते? बेथ्यून यांनी १९३६ मध्ये माँट्रियल येथे सर्वांसाठी सार्वजनिक वैद्यकसेवेची मागणी करणारा गट उभा केला होता. स्वतः क्षयरोगातून उठलेल्या या माणसाला गरिबाचा क्षय आणि श्रीमंताचा क्षय यांतला फरक कळला होता. चीनमध्ये आल्यावर त्यांना दिसले की एकटा शल्यविशारद रात्रंदिवस राबला तरी पुरा पडणार नाही. त्यांनी सचित्र पाठ्यपुस्तक लिहिले आणि प्रशिक्षणाचा आग्रह धरला. १९३९ च्या सप्टेंबरात तेथे आरोग्यविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला बेथ्यून यांचेच नाव मिळाले.

१०/
या विद्यालयात कोटणीस शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकही झाले. समोरचे विद्यार्थी म्हणजे खेड्यांतून आलेले तरुण. औपचारिक शिक्षण तुटपुंजे, इंग्रजीचा गंध नाही. ज्या वर्गात कोटणीस स्वतः घडले होते, त्या वर्गाचे दार यांच्यापैकी कोणासाठीही उघडले नसते.

११/
कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली, बोलायची आणि वाचायचीसुद्धा, आणि चिनीतूनच व्याख्याने दिली. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे प्राथमिक पाठ्यपुस्तक तयार केले. दुसऱ्या, अधिक सविस्तर पुस्तकाचे लेखन चालू असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. पत्नी क्वो छिंगलान या परिचारिका आणि त्याच विद्यालयातील शिक्षिका होत्या. मुलगा यिनहुआ अवघ्या साडेतीन महिन्यांचा होता. त्याच्या नावातच ‘भारत’ आणि ‘चीन’ एकत्र आहेत.

१२/
येथे सावध राहायला हवे. युद्धकाळातील हे शिक्षण गरजेपोटी उभे राहिले होते. सैन्याला जखमा बांधणारे हात हवे होते. त्याला आजच्या अर्थाने ‘आरोग्य समतेचा अभ्यासक्रम’ म्हणणे हा कालविपर्यास ठरेल. परंतु या गरजेने एक गोष्ट सिद्ध केली : वैद्यकविद्येच्या दाराशी असलेला उंबरठा निसर्गाने घातलेला नव्हता. भाषा बदलली, जागा बदलली, की शेतकऱ्याचा मुलगाही शिकत होता.

१३/
आता नकाशावर थोडे सरकू. कोटणीस काम करत होते त्या हबेई प्रांतातील तांग परगण्याला लागूनच दिंग परगणा आहे. युद्धापूर्वी, १९३० च्या दशकात, तेथे डॉ. चेन झिछियान यांनी एक प्रयोग केला होता. लोकशाळांतून नुकतेच साक्षर झालेले शेतकरी निवडायचे, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण द्यायचे आणि औषधांची पेटी देऊन गावातच ठेवायचे. ते देवी टोचत, जन्ममृत्यूची नोंद ठेवत, साधे उपचार करत. १९३७ च्या जपानी आक्रमणाने हा प्रयोग मोडला.

१४/
चेन यांचे गुरू होते पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमधील जॉन ग्रँट. हेच ग्रँट १९३९ मध्ये कलकत्त्याला अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संचालक म्हणून आले, आणि काही वर्षांत भोर समितीचे सदस्य झाले. म्हणजे कोटणीस भारतातून चीनला गेले, आणि त्याच सुमारास चीनमधील ग्रामीण आरोग्याचा अनुभव दुसऱ्या वाटेने भारतात आला.

१५/
भोर समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे त्यातील मूळ सूत्र. शिक्षणाबाबतची शिफारसही तितकीच नवी होती : प्रत्येक विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे आणि त्याला ‘सामाजिक वैद्य’ बनवावे.

१६/
याच समितीने आणखी एक निर्णय सुचवला, आणि तेथे मतभेद झाले. त्या वेळी देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० पदवीधर नव्हते. ते कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले ‘लायसेन्शिएट’ होते. बहुमताचे म्हणणे असे की हा अभ्यासक्रम बंद करावा आणि देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा. काही सदस्यांनी याला विरोध नोंदवला : मग खेड्यात जाणार कोण?

१७/
दोन्ही बाजू समतेचेच नाव घेत होत्या, हे लक्षात घ्या. एक बाजू विचारत होती की गरिबाला अर्धवट शिकलेला डॉक्टर का द्यावा. दुसरी विचारत होती की पूर्ण शिकलेला डॉक्टर गरिबापर्यंत पोहोचतच नसेल तर त्याच्या पूर्णत्वाचा उपयोग काय. या पेचाचे सोपे उत्तर तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

१८/
तिसरी वाटही कागदावर होती. १९३८ मध्येच सुभाषबाबूंनी राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन केली होती. नेहरू तिचे अध्यक्ष. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे नेतृत्व मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी यांच्याकडे होते. त्यांनी सुचवले : दर १,००० लोकसंख्येमागे एक आरोग्यसेवक प्रशिक्षित करावा. डॉक्टरांची संख्या पुढे यथावकाश वाढेल, पण गावाने तोवर थांबू नये.

१९/
समाजकार्याच्या शिक्षणाचा प्रवाहही याच काळातला. १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले; तेच आजचे ‘टिस’. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. या मिशनचे काम सोलापुरातही होते. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. रुग्ण घरी काय खातो, औषध का सोडतो, हे विचारणारे पद रुग्णालयात आले.

२०/
१९४६ हे वर्ष म्हणूनच ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भोर अहवाल त्याच वर्षीचा, जे. जे. मधील नेमणूक त्याच वर्षीची, आणि व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपटही त्याच वर्षीचा. चित्रपटाने कोटणीसांना घराघरांत नेले. लोकांच्या मनात राहिला तो त्याग करणारा नायक. खेड्यातल्या पोरांना त्यांच्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवणारा शिक्षक मागे पडला.

२१/
स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये वाढली. सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन यांच्या स्मृत्यर्थ वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सामाजिक वैद्यकाचे विभाग सर्वत्र झाले, तरी विद्यार्थ्यांच्या मनातील प्रतिष्ठेच्या उतरंडीत ते तळाशीच राहिले. १९६९ मध्ये सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी वेगळा प्रयत्न केला. तेथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पहिल्याच वर्षी विद्यार्थी गावात मुक्काम करतात. वर्गाची जागा बदलण्याचा हा प्रयोग होता.

२२/
वर्गात बसणारी माणसेच बदलण्याचा प्रयोग १९७० मध्ये जामखेडला झाला. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळ्यापासून फार दूर नसलेला हा दुष्काळी तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तेथे गेले. आरंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगाव ठेवून पाहिले. ते जमले नाही. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी सुरक्षित नव्हती, आणि गावाला ती आपली वाटत नव्हती.

२३/
तेव्हा गावांनीच आपापल्यातून स्त्रिया निवडल्या. अनेक जणी मध्यमवयीन, निरक्षर, कित्येक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आणि एकत्र जेवत, एकत्र झोपत. पंगतीतील आणि पांघरुणातील अंतर मिटणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. कारण जी बाई दुसऱ्या जातीच्या बाईला शिवणार नाही, ती तिचे बाळंतपण कशी करणार?

२४/
१९७२ च्या दुष्काळात पाण्यासाठी कूपनलिका घ्यायच्या होत्या. आरोळे यांनी त्या दलितवस्तीत घेण्याचा आग्रह धरला. सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. सामाजिक न्याय हा स्वतंत्र पाठ म्हणून शिकवण्याची तेथे वेळच आली नाही. स्वच्छ पाणी, अतिसार आणि अस्पृश्यता हे एकाच धड्याचे तीन भाग झाले.

२५/
भोर समितीतील पेचाला जामखेडने दिलेले उत्तरही पाहा. ग्रामआरोग्यसेविका ही डॉक्टरची स्वस्त बदली नव्हती. तिच्या पाठीशी फिरते पथक आणि जामखेडचे रुग्णालय उभे होते. तिला न झेपणारा रुग्ण पुढे पाठवण्याची वाट होती. आणि कोण आजारी पडते, का पडते, गर्भवतीला घरात शेवटी काय खायला उरते, हे ज्ञान तिच्याकडून डॉक्टरकडे जात होते. शिकवण्याची दिशा दुहेरी झाली.

२६/
१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील अशा प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. १९७८ च्या अल्मा-अता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा केली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टनच्या परिषदेत झुंबर आणि पणती यांची तुलना मांडली. झुंबर सुंदर, महाग, एकाच दालनात अडकलेले. पणती साधी, पण एकीने दुसरी पेटते.

२७/
सरकारने धडा घेतला का? अर्धा घेतला. १९७७ मध्ये देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना आली, दर १,००० लोकसंख्येमागे एक. ती पुढे विझली. २००५ मध्ये ‘आशा’ आली. पुन्हा दर १,००० मागे एक, या वेळी गावातील स्त्री. सोखी उपसमितीचाच आकडा सहा दशकांनी परतला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा मानधनासाठी संपावर होत्या.

२८/
जामखेडमधून घ्यायची राहिलेली अर्धी गोष्ट म्हणजे प्रतिष्ठा. धोरणाच्या भाषेत आशा ‘स्वयंसेविका’ आहे. कामाच्या यादीत ती आरोग्ययंत्रणेचा पाया आहे. तिच्याकडून माहिती भरून घेतली जाते, पण डॉक्टरांच्या वर्गात तिला शिक्षिका म्हणून क्वचितच उभे केले जाते.

२९/
दुसरीकडे वैद्यकीय अभ्यासक्रमही बदलत आहे. २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे स्वतंत्र घटक आले. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम आला. स्वागतच. पण ‘दत्तक’ हा शब्द पाहा. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या शब्दाने आधीच ठरवून टाकले आहे. विद्यार्थी त्या घरात रक्तदाब मोजायला जातो की शिकायला जातो, यावर या उपक्रमाचे भवितव्य ठरेल.

३०/
या साऱ्या इतिहासातून मला एक निष्कर्ष निघताना दिसतो. अभ्यासक्रमात ‘समता’ नावाचे प्रकरण घालणे सोपे आहे, आणि ते हवेही. परंतु जेथे जेथे खरा फरक पडला, तेथे तीन गोष्टी बदलल्या होत्या : वर्गात कोण बसते, वर्ग कोठे भरतो आणि तो कोणत्या भाषेत चालतो. तांग परगण्यात ते युद्धाच्या रेट्याने झाले. जामखेडला ते ठरवून झाले.

३१/
सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईचा खोकला, मागावर बसणाऱ्याची पाठदुखी, उन्हाळ्यातील पाण्याची ओढ हे सारे कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकेच शिकवणारे आहे. ते ऐकायला मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू कळावी लागते. कोटणीसांनी परक्या देशात जाऊन तेथील भाषा शिकली. आपल्या डॉक्टरांना आणि समाजकार्यकर्त्यांना आपल्याच शहराच्या भाषा शिकायच्या आहेत.

३२/
भैय्या चौकातील स्मारक पाहायला जाल तेव्हा वैद्यकीय वा समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या एखाद्या मित्राला सोबत न्या, आणि त्याला विचारा : तुमच्या वर्गात आजवर एखादी आशा ताई शिकवायला आली आहे का? उत्तर काय मिळाले, ते खाली जरूर लिहा. (समाप्त)